बारा वर्षं रोज गांजा ओढल्यावर लक्ष कुठे जातं?

मला लिहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३३. एकविसाव्या वर्षापासून जवळजवळ रोज रात्री गांजा, मधली काही वर्षं दिवसातून दोन-तीनदाही. नोकरी टिकून आहे, घर नीट चाललं आहे. पण गेली दोन-तीन वर्षं एक पान वाचायला तीनदा मागे यावं लागतं, आणि मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटून गेलेली असते. 'ओढल्यावर मात्र तासभर डोकं जागेवर येतं.' त्यातून आलेल्या तीन शंका: मेंदू कायमचा जळला का? ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) किंवा एमआरआय काढून ते कळेल का? आणि सतरा वर्षांच्या धाकट्या भावानेही सुरुवात केली आहे, त्याला काय सांगू?

आधी उत्तर सांगते, कारण हा त्रास असणाऱ्यांना लांबलचक मजकूर शेवटपर्यंत वाचणंच अवघड जातं. तुमचा त्रास खरा आहे, मनाचे खेळ नाहीत. त्यातला मोठा भाग गांजा पूर्ण बंद केल्यावर महिन्याभरात निवळण्याची चांगली शक्यता आहे. एक लहान भाग रेंगाळू शकतो. आणि 'ओढल्यावर डोकं जागेवर येतं' हा तुमचा अनुभवच तुम्हाला सगळ्यात जास्त फसवतो आहे. आता कारणं.

मी चिकित्सा-मानसतज्ज्ञ आहे. लक्ष, स्मरण, विचारांचा वेग यांच्या चाचण्या घेणं आणि व्यसन सोडू पाहणाऱ्यांसोबत काम करणं, यात माझी वीसहून अधिक वर्षं गेली. 'एकाग्रता कमी झाली' ही तक्रार मी ऐकते तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो: नेमकं काय होतं? गांजा बरीच वर्षं ओढलेल्या माणसाचं उत्तर बहुतेक वेळा असं येतं: 'लक्ष लागत नाही असं नाही, पण सगळीकडेच लागतं.' पंख्याचा आवाज, शेजारच्याचं बोलणं, काल राहिलेलं काम, खिशातला फोन, सगळं एकाच मोठेपणाने आत येतं. चाचणीच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्रास देते म्हणून ते काढायला सांगणारी माणसं मी पाहिली आहेत.

लक्ष म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे विजेरी येते, जिकडे झोत तिकडे उजेड. मला ही प्रतिमा अपुरी वाटते. लक्ष देणं म्हणजे मुख्यतः पाखडणं. सुपातलं फोल बाहेर फेकलं गेलं की दाणे आपोआप उरतात. मेंदूवर दर क्षणाला इतकं काही आदळत असतं की त्यातलं जवळजवळ सगळं बिनमहत्त्वाचं ठरवून टाकून द्यावं लागतं, आणि तेही आपल्याला कळायच्या आत. हे टाकून देणं ढिलं पडलं की माणूस मंद होत नाही, पण थकतो. त्याचा मेंदू दिवसभर फोलही दळत बसतो.

हे टाकून देणं मोजता येतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक नादिया सोलोविज यांनी १९९० च्या दशकात हे काम केलं, आणि आजही कुणी विचारलं तर मी आधी तेच समजावून सांगते. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून लोकांना सूर ऐकवायचे. काही डाव्या कानात, काही उजव्या. काही उंच पट्टीचे, काही खालच्या. काही लांब, काही आखूड. काम एवढंच, की अमुक कानात, अमुक पट्टीचा, लांब सूर आला तरच बटण दाबायचं. सूर चुकीच्या कानात आला की तिथेच निकाल लागतो, पुढे त्याची लांबी तपासायची गरजच नसते. न ओढणाऱ्यांच्या लहरींमध्ये हे स्पष्ट दिसतं: चुकीच्या कानातल्या सुरावरचं काम मेंदू लगेच आवरतो. अनेक वर्षं गांजा ओढणाऱ्यांच्या लहरींमध्ये ते आवरतं घेणं दिसलं नाही. ज्या सुराशी काही देणंघेणं नाही, त्याच्यावरही मेंदू राबत राहिला होता. ही माणसं त्या वेळी नशेत नव्हती.

त्याच प्रयोगात दुसरी एक लहरही पाहिली होती, पी-३००. आपण वाट पाहत असलेली गोष्ट समोर आली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक उंचवटा येतो, ती ही लहर. 'हेच ते' असा मेंदूने दिलेला होकार म्हणा. गांजा ओढणाऱ्यांमध्ये हा होकार उशिरा येत होता. पण खरा बोलका तपशील पुढे आहे. होकार किती उशिरा येतो, हे माणूस किती वारंवार ओढतो याच्याशी जोडलेलं निघालं. पाखडणं किती बिघडलं आहे, हे तो किती वर्षं ओढतो आहे याच्याशी. दोन वेगळे बिघाड, दोन वेगळी कारणं. आणि ज्यांनी गांजा सोडून बराच काळ लोटला होता, त्यांच्यात वेग सुधारलेला दिसला, पाखडणं मात्र पूर्ववत झालेलं नव्हतं. हे अभ्यास छोटे होते, त्यामुळे त्यावरून कुणा एकाचं भविष्य सांगू नये. पण खुर्चीत समोर बसलेली माणसं मला जे सांगतात, त्याच्याशी हे इतकं जुळतं की मी ते सोडून देऊ शकत नाही.

आता गांजा हे करतो कसं? त्यातलं नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी. राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी १९६४ साली इस्राएलमध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. ते मेंदूत कुठे बसतं हे कळायला १९८८ साल उजाडलं. चेतापेशींवर त्यासाठीचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर सापडले. त्यांना सीबी-वन म्हणतात. मग ओघाने पुढचा प्रश्न आला. मेंदूने हे ग्राही एखाद्या झाडाची वाट पाहत तर ठेवले नसतील, मग ते कुणासाठी आहेत? १९९२ साली मेंदूचं स्वतःचं द्रव्य सापडलं आणि संस्कृतमधल्या 'आनंद' या शब्दावरून त्याला आनंदामाइड असं नाव दिलं गेलं.

या द्रव्याचं काम मला मेंदूतल्या सगळ्यात नाजूक कामांपैकी एक वाटतं. दोन चेतापेशींमध्ये निरोप सहसा एकाच दिशेने जातो, पाठवणारीकडून घेणारीकडे. आनंदामाइड आणि त्याच्या जोडीची द्रव्यं उलट्या दिशेने जातात. घेणारी पेशी पाठवणारीला कळवते, 'पुरे, आता थांब.' हे दोन पेशींमधल्या त्या एका सांध्यावर, गरजेपुरतं घडतं, आणि काम झालं की ते द्रव्य लगेच मोडून टाकलं जातं. टीएचसी याच कुलपात बसतं, पण ते एकाच सांध्यावर नाही, सगळीकडे एकदम बसतं, आणि तासन्‌तास जागा सोडत नाही. ज्या व्यवस्थेचं सगळं मोल नेमकी जागा आणि नेमकी वेळ यांत आहे, तिच्यावर सरसकट झाकण पडतं.

हे ग्राही दाटीवाटीने कुठे आहेत पाहा: नवीन आठवण रचणारं हिप्पोकॅम्पस, कपाळामागचं प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हालचालींना आणि सवयींना वळण देणारे खोलवरचे भाग, आणि लहान मेंदू. वाक्याची सुरुवात धरून ठेवणं, काय महत्त्वाचं ते ठरवणं, वेळेचं भान ठेवणं, ही सगळी याच भागांची कामं. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात हे ग्राही फार थोडे आहेत. म्हणूनच गांजाने अफूसारखा श्वास बंद पडत नाही. लोक यावरून 'गांजा निरुपद्रवी' असा अर्थ काढतात, तो चुकीचा आहे. जिथे ग्राही कमी तिथे परिणाम कमी, आणि जिथे जास्त तिथे जास्त, एवढंच यातून कळतं.

उंदरांवरच्या २००६ मधल्या एका प्रयोगात दिसलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. टीएचसीसारखं द्रव्य दिल्यावर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचं 'बोलणं' फारसं कमी झालं नाही, त्या जवळपास तितक्याच वेळा उसळत होत्या. पण त्यांचा मेळ सुटला. शंभर माणसं एका ठेक्यात टाळ्या वाजवत असतील तर ताल ऐकू येतो. तितक्याच टाळ्या ज्याच्या त्याच्या मनाने वाजल्या तर नुसता कलकलाट. मेंदूतल्या लहरी म्हणजे हा ठेका, आणि टीएचसी आधी तो ठेका बिघडवतं.

हे झालं ओढल्यानंतरच्या काही तासांचं. वर्षानुवर्षं रोज ओढलं तर मेंदू स्वतःला जुळवून घेतो. बाहेरून इतका मारा होतो आहे तर ग्राहीच कमी करा, असं त्याचं गणित. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूत सीबी-वन ग्राहींची उपलब्धता कॉर्टेक्सच्या भागांत सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेली २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पेट-स्कॅन (मेंदूतले ग्राही मोजता येणारं एक चित्रण) अभ्यासात दिसली. म्हणजे ओढलेलं नसतानाही मेंदूचा स्वतःचा 'पुरे, आता थांब' हा निरोप अर्धवट ऐकू येतो. दिवसा, ऑफिसमध्ये, पूर्ण शुद्धीत असतानाही टाकून देणं का जमत नाही, याचं एक कारण मला इथे दिसतं.

पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग लोकांना सांगताना मला बरं वाटतं. देखरेखीखाली साधारण चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर हे ग्राही न ओढणाऱ्यांच्या पातळीच्या जवळ परत आले. पुढच्या एका अभ्यासात तर ही सुधारणा पहिल्या दोन दिवसांतच सुरू झालेली दिसली.

आता काम करताना मेंदूचे कोणते भाग किती सक्रिय होतात, हे स्कॅनमध्ये कसं दिसतं, ते सांगते. इथे वर्तमानपत्री मथळ्यांनी बराच गोंधळ केला आहे. २००६ मधल्या एका एमआरआय अभ्यासात गांजा ओढणाऱ्यांना डोळ्यांपुढे फिरणाऱ्या चेंडूंपैकी काहींवर लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांचे गुण न ओढणाऱ्यांइतकेच आले. पण या कामासाठी नेहमी जागा होणारा मेंदूचा जाळीदार समूह, त्यात लहान मेंदूही आला, त्यांच्यात कमी काम करत होता आणि दुसरे भाग जास्त राबत होते. काम तेच, निकाल तोच, पण रस्ता वळसा घालून. तुमची नोकरी टिकून आहे आणि तरी तुम्ही संध्याकाळी गळून जाता, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मी धरून चालते. वळशाच्या रस्त्याने दिवसभर चालणारा माणूस पोचतो, पण दमतो.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतला एक बराच मोठा अभ्यास आला. २२ ते ३६ वयाचे हजारावर तरुण, स्कॅनरमध्ये करून घेतलेली सात वेगवेगळी कामं. आयुष्यात हजाराहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांना त्यांनी 'जास्त वापर' असं म्हटलं. सातपैकी ठळक फरक दिसला तो एकाच कामात: माहिती डोक्यात धरून ठेवून तिच्यावर काम करणं, ज्याला आम्ही कार्यकारी स्मृती म्हणतो. जास्त वापर करणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोकांमध्ये या कामाच्या वेळी मेंदूची सक्रियता कमी दिसली, आणि तीही निर्णय घेण्याच्या आणि लक्ष वळवण्याच्या भागांत. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटते, हे तुमचं वर्णन नेमकं याच कामाचं आहे. बारा वर्षं रोज एकदा एवढंच धरलं तरी तुमची बेरीज चार हजारांवर जाते. घाबरवण्यासाठी सांगत नाही. 'मी तसा फार ओढत नाही' असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाकावं, म्हणून सांगते.

मग कायमचं काय? इथे मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांच्या गटाचा २००१ चा अभ्यास, कारण त्यातली माणसं तुमच्यासारखी होती: तिशी ते पन्नाशीतली, आणि आयुष्यात किमान ५००० वेळा गांजा ओढलेली. त्यांना २८ दिवस गांजा बंद ठेवायला लावून पहिल्या दिवसापासून ठरावीक अंतराने चाचण्या घेतल्या. शब्दांची यादी लक्षात ठेवण्यात ते सातव्या दिवसापर्यंत मागे होते. अठ्ठाविसाव्या दिवशी न ओढणाऱ्यांमध्ये आणि त्यांच्यात म्हणावा असा फरक उरला नव्हता. किशोरवयीन आणि तरुण वापरकर्त्यांवरचे ६९ अभ्यास एकत्र करून २०१८ साली जो आढावा निघाला, त्यातही फरक सरासरीने लहान होता, आणि तीन दिवसांहून जास्त काळ बंद ठेवलेल्यांमध्ये तो आणखी लहान.

याच्या विरुद्ध बाजूचंही सांगायला हवं. सोलोविज यांच्या गटाने २००२ मध्ये सरासरी २४ वर्षं ओढणारे आणि सरासरी १० वर्षं ओढणारे असे दोन गट तपासले. लक्ष आणि स्मरण या दोन्हींत २४ वर्षांचा गट १० वर्षांच्या गटाहून आणि न ओढणाऱ्यांहूनही स्पष्टपणे मागे होता. तुम्ही आज दहा वर्षांच्या गटाच्या जवळ उभे आहात. तसंच, १६ ते २५ वयाच्या मुलांना महिनाभर गांजा बंद ठेवायला लावलेल्या २०१८ च्या एका अभ्यासात स्मरण सुधारलं, तेही बहुतेक पहिल्याच आठवड्यात, पण लक्षाच्या गुणांमध्ये तशी सुधारणा दिसली नाही. म्हणून मी 'लहान भाग रेंगाळू शकतो' असं म्हटलं. माझ्या अनुभवात आठवण आधी परत येते, लक्ष मागाहून. महिन्याने नाही वाटलं तर तीन-चार महिन्यांनी फरक जाणवतो, असं सांगणारे मला बरेच भेटले. काहींना तोही जाणवत नाही, आणि त्यांच्या बाबतीत मग गांजापलीकडची कारणं शोधावी लागतात.

जुन्या अभ्यासांबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजातलं टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ साली ४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. अर्क काढलेल्या प्रकारांमध्ये तर याच्या कितीतरी पट. पोप यांच्या माणसांनी ओढला तो गांजा आणि आज मिळतो तो, यांची सरळ तुलना करता येत नाही.

भावाकडे वळते. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात निकडीचा वाटतो. सतरा वर्षांच्या मेंदूत प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं बांधकाम अजून चालू असतं, ते विशीच्या मध्यापर्यंत चालतं. नको असलेले सांधे छाटले जातात, उरलेल्यांचा वेग वाढतो, आणि या छाटणीत मेंदूची स्वतःची ती 'पुरे, थांब' व्यवस्थाही कामाला असते. बांधकाम चालू असतानाच तिच्यावर झाकण घालणं आणि इमारत उभी राहिल्यावर घालणं, यात फरक पडतो.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. त्यांचा बुद्ध्यांक गांजाशी कुणाचीही ओळख होण्याआधी, तेराव्या वर्षी मोजला होता, आणि पुन्हा अडतिसाव्या वर्षी. किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं अवलंबून राहिलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी ८ गुणांनी घसरला होता. मोठेपणी सुरू केलेल्यांमध्ये तशी घसरण दिसली नाही. यावर पुढे वाद झाला. २०१६ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासात असं दिसलं, की गांजा ओढणाऱ्याचा आणि त्याच्या न ओढणाऱ्या जुळ्याचा बुद्ध्यांक सारखाच बदलला होता. म्हणजे घरची परिस्थिती, शाळेतला रस तुटणं, इतर व्यसनं यांचाही वाटा असणार. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. पण जुळ्यांच्या त्या अभ्यासातली मुलं अजून तरुण होती, आणि त्यातली बरीचशी कमी ओढणारी. वीस-वीस वर्षं रोज ओढल्याचा हिशोब त्यातून लागत नाही.

भावाच्या बाबतीत लक्षाहूनही मोठी काळजी दुसरी आहे. स्वीडनमध्ये लष्करी भरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांच्या १९८७ च्या अभ्यासापासून हे वारंवार दिसत आलं आहे, की लहान वयातला जास्त वापर आणि पुढे होणारा स्किझोफ्रेनियासारखा (भास आणि भ्रम होण्याचा) मानसिक आजार यांचा संबंध आहे. जोरदार गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये धोका अधिकच वाढतो. तुमच्या घराण्यात कुणाला असा आजार झाला असेल, तर भावाच्या बाबतीत गप्प बसून बघत राहू नका.

त्याला सांगायचं काय? आकडे सांगू नका, निदान आधी नको. एका पानासाठी तीनदा मागे यावं लागतं, हे त्याला सांगा. हे तुमच्याखेरीज दुसरं कुणी त्याला सांगू शकत नाही. तो लगेच सोडणार नाही असं धरून चाला, आणि तरी काय कमी होईल ते बघा. रोज नको, जोरदार अर्क नको, परीक्षेच्या किंवा अभ्यासाच्या दिवसांत नको, गाडी चालवताना तर कधीच नको. मोठा भाऊ स्वतः सोडतो आहे हे त्याने पाहणं, याच्याइतका परिणाम करणारं दुसरं काही मी घरांमध्ये पाहिलेलं नाही.

आता तुमचा तो तासभर. ओढल्यावर डोकं जागेवर येतं असं का वाटतं? रोज ओढणाऱ्या माणसाने शेवटचा झुरका मारल्यावर दिवसभरात मेंदूला गांजाची उणीव भासू लागते. चिडचिड, अस्वस्थता, मन न ठरणं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ती जाणवू लागलेली असते. मग ओढलं की ती उणीव भरते, आणि त्या सुटकेला आपण 'एकाग्रता' म्हणतो. चाचण्यांमध्ये ती एकाग्रता सापडत नाही. याच वेळी नवीन आठवण रचण्याचं काम मंदावलेलं असतं, त्यामुळे त्या तासात काय निसटलं हेही लक्षात राहत नाही. निसटल्याची आठवणच नसेल तर काही निसटलं नाही असंच वाटणार. मी हे समजावते तेव्हा बहुतेक जण आधी वाद घालतात आणि दोन आठवड्यांनी स्वतःहून फोन करतात.

म्हणून माझा सल्ला एकच: २८ दिवस पूर्ण बंद. 'कमी करून बघतो' याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. टीएचसी चरबीत साठतं, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते आठवडेच्या आठवडे सापडतं, आणि शनिवार-रविवार ओढत राहिलात तर मेंदूला कोरा महिना मिळतच नाही.

पहिला आठवडा वाईट जातो. दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, भूक मरणं, घाम, झोप न लागणं. सर्वांत त्रास तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास. लक्षही या दिवसांत आणखी बिघडतं. लोक नेमके इथेच म्हणतात, 'बघा, गांजाशिवाय माझं डोकं चालतच नाही,' आणि परत सुरू करतात. या आठवड्यात स्वतःच्या लक्षाबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका. स्वप्नं फार ठळक आणि विचित्र पडतील. गांजाने दाबलेली स्वप्नांची झोप उसळी मारते आहे, इतकंच ते आहे. हे काही आठवडे चालू शकतं. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि गांजाच्या जागी दारू तर मुळीच आणू नका. तंबाखू मिसळून ओढत असाल तर निकोटिनची तलफ वेगळी उठेल. तिच्यासाठी डॉक्टरांकडून निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्टी घ्या, नाहीतर दोन तलफा एकत्र येऊन तुम्हाला खेचतील.

गांजा सोडवणारं असं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, विचार आणि सवयी बदलण्याच्या थेरपीचा, आणि रात्रीचा तो ठरावीक तास दुसऱ्या कशाने तरी भरण्याचा. हा तास रिकामा ठेवलात तर महिना निघणार नाही. थांबता येतच नसेल, कानात आवाज येत असतील, लोक आपल्याविरुद्ध काही रचताहेत असं वाटू लागलं, जगू नये असे विचार आले, किंवा न थांबणाऱ्या उलट्या होऊन फक्त गरम पाण्याच्या आंघोळीने बरं वाटत असेल, तर २८ दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ईईजी आणि एमआरआय काढू नका. दवाखान्यातला ईईजी फिट्स आणि मेंदूचे काही आजार शोधण्यासाठी असतो. मी वर सांगितलेल्या लहरी शेकडो सूर ऐकवून, सरासरी काढून, अनेक माणसांचे गट एकमेकांशी ताडून दिसलेल्या आहेत. एका माणसाचा आलेख बघून 'हा गांजाचा परिणाम' असं कुणालाही सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. स्कॅनचंही तसंच. तुमचा एमआरआय बहुतेक अगदी नॉर्मल येईल आणि तुम्ही तो गांजा चालू ठेवण्याची परवानगी समजाल. हे मी घडताना पाहिलं आहे.

आणखी एक. गांजा सुरू होण्याच्या खूप आधीचं आठवून बघा. शाळेत, बाराव्या वर्षाच्या आत, वस्तू हरवणं, बाकावर बसवत नसणं, सोपी चूक पुन्हा पुन्हा होणं, असं होतं का? एडीएचडी, म्हणजे लहानपणापासून लक्ष न टिकण्याची आणि अस्वस्थतेची अवस्था, असलेली बरीच माणसं नकळत गांजाने स्वतःवर उपचार करत असतात, आणि मग मूळ त्रास कोणता आणि गांजाचा कोणता हे वेगळं करणं अवघड होतं. आईला विचारा, जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर काढून ठेवा. नैराश्य, घोरण्याबरोबर मोडणारी झोप आणि थायरॉइड हेही तपासून घ्यायला हवं.

मग एखाद्या मानसतज्ज्ञाकडून लक्ष आणि कार्यकारी स्मृतीच्या चाचण्या दोनदा करून घ्या. पहिल्यांदा आत्ता, सोडण्याआधी, आदल्या रात्री ओढलं असेल तर ते खरं सांगून. दुसऱ्यांदा अठ्ठाविसाव्या दिवसानंतर, शक्यतो त्याच माणसाकडून, दिवसाच्या त्याच वेळी, आणि चाचणीचा पर्यायी संच वापरून, म्हणजे सरावाने वाढलेले गुण सुधारणा म्हणून मोजले जाणार नाहीत. घरी मधल्या काळात रोज रात्री एका वहीत एवढंच लिहा: आज एक पान वाचायला किती वेळा मागे यावं लागलं. दुसऱ्या चाचणीला जाताना ती वही आणि ती प्रगतिपुस्तकं बरोबर न्या.